चित्र सांग

"सांग," आई म्हणाली.

मुलीने अजून चपलाही काढल्या नव्हत्या. संध्याकाळ होत आली होती, खोलीत दिवा नव्हता आणि आई नेहमीसारखी खिडकीकडे तोंड करून खुर्चीत बसली होती. मुलीने दिव्याच्या खटक्याकडे हात नेला.

"राहू दे. बिल तुझ्या नावाने येत नाही."

मुलगी दुसरी खुर्ची ओढून बसली. जाताना ती होती तिथे ठेवून जा, असं आईने बजावलं. "ठेवते गं. पळून जाणार आहे का ती?" मुलगी म्हणाली आणि फोल्डर टेबलावर टाकला.

आई मुलांसाठी गोष्टी रचायची आणि मुलगी त्यांची चित्रं काढायची. पूर्वी आई गोष्ट लिहून द्यायची. अलीकडे काही वर्षं ती फोनवर सांगायची आणि मुलीने ती उतरवून घ्यायची, कारण मुलांची गोष्ट आधी कानाने पास झाली पाहिजे असं तिने जाहीर केलं होतं. वयाबरोबर हट्ट वाढतातच, असं म्हणून प्रकाशकांनी हात टेकले होते. शेजारच्या मावशी दुपारी येऊन पेपर वाचून दाखवायच्या, तेही बहुधा त्याच कायद्याखाली. मुलीच्या मते तो दोघींचा चहाचा बहाणा होता.

चित्रांनाही हाच नियम होता. चित्र दाखवायचं नाही, सांगायचं. कोट कसला आहे, ऊन कुठून येतंय, कुत्र्याचा कुठला कान पडलाय, सगळं. सुरुवातीला मुलीने कुरकूर केली होती की चित्र समोरच आहे, बघ की. त्यावर आई म्हणाली होती, "मी बघून काय उपयोग? अंथरुणात डोळे मिटून पडलेल्या पोराला ते दिसलं पाहिजे."

आणि चीड येण्याची गोष्ट अशी की आईचं बरोबर निघायचं. मुलगी सांगताना जिथे अडखळे, तिथे चित्रही अडखळलेलं असायचं. ती फणफणत घरी जायची आणि तो कोपरा पुन्हा रंगवायची.

एक गोष्ट मात्र ती कधीच सांगत नसे. प्रत्येक पुस्तकात कुठेतरी एक हात असायचा. झाडात अडकलेला चेंडू काढणारा, भिजलेलं पिल्लू पुसणारा. त्याची करंगळी बाहेरच्या बाजूला वाकलेली असे. तो आईचा हात होता. आईने तो आपणहून ओळखावा, एवढंच तिला हवं होतं. सांगून ओळखण्यात काय अर्थ? पुस्तकं छापून यायची. आई पानं उलटायची, वास घ्यायची, शिलाई चाचपायची, कागद बरा आहे म्हणायची. हाताबद्दल एक अक्षर नाही.

या वेळची गोष्ट कोटापासून तुटून गावभर भटकणाऱ्या लाल बटणाची होती. आज शेवटच्या पानाचं चित्र होतं आणि हात त्या चित्राच्या मधोमध होता.

"सांग ना," आई पुन्हा म्हणाली.

"नाही सांगणार." आपला आवाज इतका शांत निघेल असं मुलीला वाटलं नव्हतं. "चित्र बघायचं असतं, आई. एकदा तरी नुसतं बघ."

आईचा चेहरा बघण्याचा धीर न झाल्याने मुलगी चहा टाकायला आत गेली. पाणी उकळेपर्यंत ती भांड्याकडे बघत राहिली. मागे फोल्डर उघडल्याचा आवाज आला, मग कागदाची सळसळ, मग बराच वेळ काहीच नाही.

ती कप घेऊन बाहेर आली तेव्हा आईने मोठा कागद खिडकीकडे धरला होता. चहा पुढे येताच तिने तो मांडीवर पालथा ठेवला.

"छान झालंय," आई म्हणाली. "खूप छान. आजची रात्र माझ्याकडे राहू दे. सगळंच राहू दे, उद्या ने."

आईने आजवर एकही चित्र ठेवून घेतलं नव्हतं. मुलगी घरी गेली ती जमिनीवरून चाललीच नाही. आईने हात ओळखला होता. नाहीतर ठेवून कशाला घेतलं असतं?

सकाळी मावशींचा फोन आला. मुलगी थेट दवाखान्यात पोचली, तोवर सगळं संपलं होतं. भेटायला येणारी माणसं तिच्याच घरी आली. आईच्या खोलीला कुलूप राहिलं. ते उघडावंसं तिला वाटेना. त्या एका संध्याकाळच्या आधारावर ती दिवस ढकलत होती. रडू आलं की ती तो कागद आठवायची, तो धरणारी वाकडी करंगळी आठवायची. उशिरा का होईना, आईने बघितलं.

शेवटी प्रकाशकांनी संकोचत विचारलं की बाकीचं पुस्तक छापखान्यात गेलंय, तेवढं शेवटचं चित्र मिळेल का.

ती गेली. खोलीत अंधारून आलं होतं. तिने खटका दाबला. दिवा लागला नाही. होल्डरमध्ये बल्बच नव्हता.

खिडकी उघडल्यावर तिला दिसलं. आईच्या खुर्चीजवळच्या भिंतीवर, हात लांबवला की पोचेल इतक्या उंचीवर, चार टाचण्यांनी नीट ताणून तो कागद लावलेला होता. पांढरा. उलटा लागला असेल म्हणून तिने टाचण्या काढल्या आणि तो फिरवला.

दुसरी बाजूही कोरी होती. रंग घासू नये म्हणून चित्रावर ठेवते, तो कागद होता. टेबलावरच्या फोल्डरमध्ये चित्र तसंच होतं.

मुलगी आईच्या खुर्चीत बसली.

"दाराआड एक कोट टांगलाय, आई," ती म्हणाली. "निळा. उन्हाची तिरीप डावीकडून त्याच्या बाहीवर पडलीय. बटण परत आलंय, पण लाल दोरा नव्हता, म्हणून पिवळ्याने शिवलंय. दोरा अजून सुईतच आहे. सुई धरलेल्या हाताची करंगळी बाहेर वाकलीय." ती अडखळली. "तो हात तुझा आहे. सगळ्या पुस्तकांत तुझाच होता."