चार वाजताचा फोन

महिनाभर समुद्राकाठी सुट्टी घालवून चष्मेवाला बायकोसह परतला, तेव्हापासून त्याला घर खायला उठलं होतं. तीस वर्षांत बोलले नव्हते एवढं दोघं तिथे बोलले होते. त्याला पोट धरून हसता येतं, हेही तिथेच कळलं होतं. इथे दुकानात भिंगं पुसताना मात्र त्याच्या तोंडून शब्द फुटत नव्हता.

बायकोचं तसं नव्हतं. रोज चारला, तो चहाला घरी आला की, तिचा फोन वाजे. ती गॅलरीत जाई, दार लोटून घेई आणि नव्या नवरीसारखी लाजत बोले.

"कोण गं हे रोज रोज?" एकदा त्याने विचारलं.

"तुम्हाला काय करायचंय? बसा आपले एरंडेल प्यायल्यासारखे!"

त्याच्या मनात पाल चुकचुकली. दुसऱ्या दिवशी तो दुकान लवकर बंद करून चारच्या आधीच घरी आला. बायको गच्चीवर वाळलेले कपडे काढत होती. टेबलावर तिचा फोन वाजला. इतक्या वर्षांत केलं नव्हतं ते त्याने केलं, फोन उचलून कानाला लावला.

आधी लाटांचा आवाज आला. मग कुणीतरी पोट धरून हसलं. ते हसू त्याचंच होतं.

"काय राणीसरकार," त्याचाच आवाज पलीकडून म्हणाला, "आमच्या रडतराऊला अजून पत्ता नाही ना?"

मागे कपड्यांचा ढीग घेऊन बायको उभी होती. ती जराही दचकली नाही. तिने हात पुढे केला.

"द्या इकडे," ती परक्या माणसाशी बोलावं तशी म्हणाली, "आमच्या ह्यांचा फोन आहे."