वाऱ्याकडं तोंड

दुपारच्या आत नातीला माघारी आणतो, असं सुनेला सांगून गेणबा आबा श्रेयाला घेऊन निघाले. निरवांगीजवळच्या रानातून चालत दोघं टेकडीमागच्या तळ्यावर आले. बांधावर बसताच श्रेया दचकली.

"आबा, सगळे बगळे आपल्याकडंच बघत्यात!"

"आपल्याकडं न्हाय बाय, वाऱ्याकडं. म्हंजी पिसं विस्कटत न्हाईत." आबांनी वाळलं गवत चुरून उधळलं. पाठीमागच्या वाऱ्यानं ते पाण्याकडं नेलं. "हाय का न्हाय?"

श्रेया हसली आणि पीस शोधायला काठाकाठानं बाभळींत शिरली. आबांनी भाकरीचं फडकं सोडलं. मान वर केली, तर एकूणएक बगळा बाभळींकडं तोंड करून उभा होता. वारा मात्र अजून आबांच्या पाठीलाच लागत होता.

"श्रेया, ये गं माघारी!"

ती आली, रमतगमत. ती जशी पुढं सरकत होती, तशी पाखरांची तोंडंही फिरत होती. आबांनी तिला निरखून पाहिलं. तीच वेणी, गुडघ्यावर तेच खरचटलेलं.

"आईला काय सांगून आलोय आपण?"

"दुपारच्या आत माघारी. तुमीच म्हनला की!" ती त्यांच्या शेजारी टेकली.

उत्तर बरोबर होतं. तरी आबांनी पुन्हा चिमूटभर गवत चुरलं. पाठीवरचा वारा आता पडला होता. उजव्या गालाला गार झुळूक लागली आणि हातातलं गवत डावीकडं उडालं.

उजवीकडं श्रेया बसली होती, तोंड मिटून.