दुधाचा माणूस

“आई गेली,” सिनाझने दूधघराच्या हद्दीवरच्या दगडांच्या रांगेबाहेरूनच ओरडून सांगितलं. “दुपारी चितेवर ठेवतील. तू ये.”

दूधघराच्या दाराशी बसलेला तिचा भाऊ जागचा हलला नाही. बायकांनी या टेकडीवर पाऊल टाकायचं नसतं. पण पुरुषांपैकी कोणी निरोप घेऊन यायला धजावला नाही, म्हणून तीच आली होती.

नीलगिरीच्या डोंगरांत आम्हा तोडा लोकांचं देऊळ म्हणजे हे दूधघर, आणि पुजारी म्हणजे देवाच्या म्हशींची धार काढणारा. त्याला म्हणतात पलोल. पाल म्हणजे दूध, ओल म्हणजे माणूस; नावात दुसरं काही नाही. नियम मात्र ढीगभर. त्याला कुणी शिवायचं नाही, त्याचं मूळ नाव कुणी उच्चारायचं नाही. मयताला गेला की पद संपलं. अठरा वर्षं सिनाझच्या भावाने हे सगळं पाळलं. कुरणं चहाच्या मळ्यांत गेली, म्हशी एकेक करून संपल्या, तरी पाळलं. वेडाच म्हणायचा.

“मी आलो तर दूधघर कायमचं बंद पडेल, अक्का. माझ्यामागे पलोल व्हायला कोणी नाही.”

“आणि आता काय चालू आहे? शेवटची म्हैस आटून दोन महिने झाले. धार कसली काढतोस?”

त्याने दूधघराच्या दाराकडे मान वळवली.

“रिकाम्या मडक्यात रवी फिरवत बसतोस. लोकांना कळत नाही असं वाटतं तुला?” तिचा आवाज फाटला. “दूध गेलं. माणूस तेवढा उरलाय, तो तरी दे आम्हाला. ये रे, कार्झो.”

अठरा वर्षांनी स्वतःचं नाव ऐकून तो उठला, उतार उतरून आला आणि दगडांची रांग ओलांडली. आता त्याला परत आत जाता येणार नव्हतं.

आमच्यात मयताला माणसं दोघं-दोघं होऊन, कपाळाला कपाळ टेकून रडतात. कार्झोने बहिणीसमोर येऊन मान वाकवली.

सिनाझला त्याला जवळ घ्यायचंच होतं. त्यासाठीच तर ती एवढी चढण चढली होती. पण अठरा वर्षांच्या सवयीने तिचे पाय आपसूक मागे सरले.

“अक्का, कपाळ टेक की,” तो म्हणाला.

ती रडत रडत आणखी एक पाऊल मागे सरली.