पायांनी पाहिलेलं तळं

काजळकड्यावरच्या तळ्यापाशी पोचल्यावर चांगुणाने कपाळावरची पट्टी सारखी केली आणि वाकून पाणी डोळ्यांना लावलं. तळं दिसलं की आधी हे करायचं, ही गावाची रीत.

"गार आहे गं," चंद्रावरून वसुधाबाई म्हणाल्या.

चांगुणाला जे जाणवे, ते पट्टीतून त्यांनाही जाणवायचं. चंद्रावर हयात गेल्याने त्यांची हाडं इतकी ठिसूळ झाली होती, की पृथ्वीवर परतणं आता शक्य नव्हतं. म्हणून श्रावणातलं धुकं, भाद्रपदातला तेरडा, पौषातली बोचरी थंडी, असं वर्षभराचं तळं त्यांनी चांगुणाच्या पायांनी पाहिलं होतं. आता काठावर करवंदं पिकली होती.

"आज तू बस. मी फिरवते तुला," त्या म्हणाल्या.

पट्टी पहिल्यांदाच उलटी वाहू लागली; वसुधाबाईंना जे जाणवे, ते आता चांगुणाला जाणवू लागलं. चांगुणाने डोळे मिटले. पाय पिसासारखे हलके झाले, गुडघा मात्र ठणकला. समोर खिडकी होती, काळंभोर आभाळ होतं आणि त्यात एवढंसं निळं काहीतरी.

"हे कुठलं तळं, बाई?"

"तुझंच. तू बसलीयेस ना, तिथलं."

चांगुणाचा हात सवयीने पुढे झाला, आणि चंद्रावरचा वसुधाबाईंचा हात काचेला टेकून अलगद डोळ्यांना लागला.