तिसरा खटका

करीमचाचांच्या गॅरेजात एका जुन्या ऑटोमॅटिक गाडीला टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे इंजिनाची ताकद गिअरबॉक्सला देणारा जड गोल भाग, बसवायचा होता. गिअरबॉक्समध्ये तो फिरवत ढकलायचा; तीनदा 'खट्ट' वाजलं की पक्का बसला. दोनावरच बोल्ट आवळले, तर आतला पंप फुटलाच.

गाडीखालच्या खड्ड्यात, गिअरबॉक्स आणि भिंतीच्या मध्ये दबून उभ्या असलेल्या भानुदासनं दोनच मोजले.

"झाले तीन. चढवतो," म्हणत शेजारी उभ्या करीमचाचांनी गिअरबॉक्सखालचा जॅक मारायला घेतला.

वरून गाडीमालक वाकले. "नुसत्या आवाजावरून बिघाड ओळखणाऱ्या चाचांच्या कानासाठी मी कराडहून येतो!"

भानुदासनं वर मालकांकडे पाहिलं, मग चाचांकडे. चाचांना हल्ली कमी ऐकू येतं हे सांगावं, तर वीस वर्षं शिकवणाऱ्या माणसाची चारचौघांत शोभा. गप्प बसावं, तर गिअरबॉक्स कामातून जाणार. तो तर छातीपर्यंत वर आला होता.

"आई गं! हात सापडला! चाचा, खाली घ्या!"

गिअरबॉक्स खाली आला. विव्हळत भानुदासनं कन्व्हर्टर फिरवून दाबला. खट्ट.

गिअरबॉक्सवर टेकलेला चाचांचा तळवा त्या धक्क्यानं दचकला.

त्यांनी भानुदासचा हात उजेडात धरला. साधा ओरखडाही नव्हता. त्यांनी वर मालकांकडे एक नजर टाकली. मग खिशातलं फडकं काढून त्यावर घट्ट पट्टी बांधली.

"बरंच लागलंय," ते मालकांना ऐकू जाईल असं म्हणाले.