भावजींची वीज

माझे दीर समुद्राच्या लाटांवर वीज तयार करणारं यंत्र बनवतात. जेवायला बसले की व्याख्यान सुरू. "वहिनी, समुद्र जितका खवळेल तितकी वीज जास्त. बघाच तुम्ही, अख्ख्या गावाला पुरवतो!" आम्ही मुकाट माना डोलवायच्या, तोवर भाजी गार.

काल संध्याकाळी वादळ आलं. समुद्र नुसता पिसाळला, विजेच्या तारा तुटल्या, गावभर अंधार. म्हटलं, चला, आज भावजींचा दिवस! छत्री उलटी झाली तरी तशीच त्यांच्या शेडवर पोचले. आत भावजी मेणबत्तीच्या उजेडात यंत्रावर ताडपत्री बांधत होते.

"अहो भावजी, हे समुद्रात हवं ना आज?"



"काहीतरीच काय वहिनी! एवढ्या लाटांत मोडेल ना ते!"