गच्चीवरची पिवळी चादर

विमानमार्ग दाखवणारे जुने ॲप एका बलाढ्य कंपनीने विकत घेतले आणि त्याची रया गेली. म्हणून वैमानिक पिता आणि वैमानिक कन्या नवे पर्याय पारखत होते. “बाबा, हे सर्वोत्तम. पण नकाशावरच्या आपल्या जुन्या खुणा यात येणार नाहीत.” “म्हणजे घरावरची ‘आई’ ही खूणही जाणार? नकोच ते!” प्रत्येक उड्डाणात त्या खुणेवर पंख झुकवून गृहस्वामिनीला वंदन करण्याचा त्यांचा नेम होता. “अहो, खूण जाईल, मी कुठे चाललेय?” स्वयंपाकघरातून आवाज आला. “उद्या उडून तर बघा!” दुसऱ्या दिवशी नव्या ॲपच्या पडद्यावर खूण नव्हती आणि खाली एकसारख्या असंख्य गच्च्या. एका गच्चीवर मात्र कुंड्यांनी दाबलेली पिवळी चादर झळकत होती. शेजारी ती हात हलवत उभी. पित्याने पंख झुकवला. कन्येने पडद्यावर बोट टेकवून नव्याने लिहिले: ‘आई’.